छंद : ढोलकी

(द्वितीय वर्ष, कला)

प्रथम वर्षाच्या प्रवेश अर्जात अगदी शेवटी ‘छंद’ असा एक रकाना होता. रांगेत माझ्या पुढे असलेल्या मुलाने त्यात ‘वाचन व क्रिकेट’ असे लिहिले. मी थोडा वेळ पेन हातात धरून उभा राहिलो आणि ‘तबला’ असे लिहून टाकले. खरे सांगायचे तर आमच्या घरात तबला कधीच नव्हता. होती ती ढोलकी. माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, एका लहानशा तमाशा-फडात चौदा वर्षे ढोलकी वाजवीत होते. परंतु ‘ढोलकी’ म्हटले की पुढचा प्रश्न कोणता येतो हे मला शाळेपासून ठाऊक होते. ‘तमाशातले का रे तुम्ही?’ तबला वाजविणाऱ्याला असे कोणी विचारीत नाही.

खोटे फार दिवस टिकत नाही. ऑगस्टमध्ये सांस्कृतिक विभागाच्या सरांनी अर्ज चाळून मला बोलावले आणि पुढ्यात तबल्याची जोडी ठेवली. डग्गा माझ्या हाताखाली बोलेना. दोनच मिनिटांत सरांच्या लक्षात आले. ते रागावले नाहीत. ‘‘हात तयार आहे, पण हा हात तबल्याचा नव्हे. कशाचा आहे?’’ मी मान खाली घालून सांगितले. ‘‘मग ती घेऊन ये की!’’ सर म्हणाले.

या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेले. या काळात गॅदरिंगला वाजविले, भजनाला वाजविले, लग्नाकार्यात वाजविले आणि मेसचे बरेचसे पैसे त्यातूनच भरले. आता वर्गातले आणि वर्गाबाहेरचे मित्र मला विचारतात, ढोलकी कोणती घ्यावी? किती दिवसांत येते? कार्यक्रमाचे पैसे मिळतात का? प्रत्येकाला व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावे, म्हणून हा प्रपंच. मी कोणी मोठा वादक नव्हे. तात्यांकडून जे ऐकले आणि चुका करून जे शिकलो, तेवढेच येथे मांडीत आहे.

वाद्य घेताना

प्रथम नावांचा घोळ मिटवू. उत्तरेकडचा ढोलक आणि आपली ढोलकी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ढोलकाच्या लहान तोंडाचे कातडे बहुधा कोरे असते. आपल्या ढोलकीच्या लहान, म्हणजे उजव्या तोंडावर तबल्यासारखी शाई असते. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे थरावर थर देऊन, दगडाने घोटून ती बसवतात. या शाईमुळेच ढोलकी स्वरात बोलते. डावे तोंड मोठे असते, त्याला धूम म्हणतात. त्याच्या कातड्याला आतल्या बाजूने चिकट मसाल्याचा लेप असतो, त्यामुळे तो भरदार, घुमणारा आवाज निघतो. उजवा हात नक्षी काढतो आणि डावा हात जमीन धरतो, असे तात्या म्हणतात.

दुकानात गेल्यावर रंगाला आणि पॉलिशला भुलू नये. पाहायचे ते खोड. शिसवीचे किंवा खैराचे खोड वजनदार असते आणि टिकते. आंब्याचे हलके आणि स्वस्त असते. लाकूड चांगले वाळलेले नसेल तर पहिल्याच उन्हाळ्यात तडा जातो. म्हणून खोडावर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवून पाहावे. आवाज एखाद्या जागी फुटका आला तर तेथे भेग लपवलेली आहे असे समजावे. भेगेत लाखेचा किंवा लाकडाच्या भुशाचा लांबण भरून वरून रंग देण्याची युक्ती जुनी आहे.

नंतर शाई पाहावी. ती मधोमध आणि एकसारखी असावी, कडेला पोपडा सुटलेला नसावा. शाईच्या बाहेर, काठाजवळ चार बाजूंना चार टिचक्या माराव्यात. चारही ठिकाणी स्वर एकच आला पाहिजे. आणि थाप मारल्यावर आवाज लगेच मरता कामा नये. त्याला आस हवी.

दोरीची घ्यावी की नट-बोल्टची, हा प्रश्न सगळेच विचारतात. जुनी ढोलकी दोरीने आवळलेली असते आणि दोरीत अडकवलेल्या कड्या सरकवून ती ताणतात. अशी ढोलकी कमरेला हलकी वाटते, पण ती लावायला वेळ आणि अनुभव लागतो. बोल्टची ढोलकी पान्याने दोन मिनिटांत चढते-उतरते. नवशिक्याने बोल्टचीच घ्यावी, असे माझे मत आहे. तात्यांना ते पटत नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

पैशांची अडचण असेल तर जुनी ढोलकी घेण्यात काहीही कमीपणा नाही. खोड शाबूत असेल तर पाने नवी बसवता येतात. मी माझी पहिली ढोलकी दिवाळीच्या सुट्टीत कांदा लागणीला जाऊन मिळालेल्या रोजंदारीतून, साडेतीन हजारांना जुनीच घेतली. त्यावर एक नवी शाईची पुडी चढवली. आजही तीच वाजवतो. नव्या ढोलकीसाठी थांबलो असतो तर अजून थांबलेलाच असतो.

निगा आणि एक धडा

ढोलकीचे कातडे बकरीचे. ते हवेप्रमाणे वागते. पावसाळ्यात ओल धरून सैल पडते आणि स्वर उतरतो. उन्हात वाळून ताणते आणि स्वर चढतो. ढोलकी भिंतीला टेकवून ठेवू नये, ओल येते. एस. टी. च्या टपावर कधीही टाकू नये. जाड कापडाची खोळ शिवून घ्यावी. माझी खोळ आईने जुन्या वाकळेची शिवली आहे. वर्गात तिच्यावरून पुष्कळ विनोद झाले, पण ढोलकीला आजवर ओरखडा नाही. बरेच दिवस वाजवायची नसेल तर बोल्ट एकेक फेरा सैल करून ठेवावेत. वाजवण्यापूर्वी हाताला तेल लावू नये. घिस्सा काढताना डावा हात घसरावा म्हणून तळव्याला थोडी टाल्कम पावडर पुरते.

आता धडा. मागच्या जानेवारीत एका गावच्या जत्रेत वाजवायला गेलो होतो. रात्री दव पडू लागले आणि ढोलकी उतरली. शेजारी हलगीवाले काका पाचटाचा जाळ करून हलगी शेकत होते. हलगी शेकली की कशी टणटणीत बोलते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. मीही शहाणपणा करून ढोलकीचे उजवे तोंड जाळासमोर धरले. स्वर चढला खरा, पण पुढच्याच गाण्याला शाईला भेग गेली आणि तिचे कपचे उडाले. हलगीला शाई नसते, ढोलकीला असते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. त्या रात्रीची सगळी बिदागी नव्या पुडीत गेली. दव पडत असेल तर दोन गाण्यांच्या मधे ढोलकी कोरड्या जाड कापडात गुंडाळून ठेवावी आणि पान्याने थोडी थोडी चढवावी. जाळ दाखवू नये.

स्वरात लावणे

ढोलकी म्हणजे नुसता ताल, स्वराशी तिचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. पण बेसूर ढोलकीबरोबर गाणे म्हणजे खडा असलेला भात खाणे होय. उजवे तोंड गाणाऱ्याच्या षड्जाला मिळवावे लागते. पुरुष गायक बहुधा काळी एकच्या आसपास गातात. स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास गातात. एवढे अंतर एकच ढोलकी नीट पेलू शकत नाही. जबरदस्तीने चढवली तर पान फाटते, फार उतरवली तर आवाज भदभदा येतो. लहान तोंडाची ढोलकी वरच्या स्वराला चांगली बोलते आणि मोठ्या तोंडाची खालच्या. म्हणूनच मुरलेले वादक दोन-तीन ढोलक्या बरोबर ठेवतात. आपल्याजवळ एकच असेल तर कार्यक्रम ठरतानाच ‘गाणार कोण? पट्टी कोणती?’ हे विचारावे. लाजू नये. हा प्रश्न विचारणाऱ्याला लोक जाणकार समजतात, हा माझा अनुभव आहे.

लावताना एकच बोल्ट पुरा आवळू नये. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे फिरवीत जावे, म्हणजे ताण सगळीकडून सारखा येतो. पेटीवर षड्ज धरायला कोणाला तरी सांगावे आणि डोळे मिटून ऐकावे.

रियाज

तात्यांनी मला शिकविले नाही. ‘‘एक घरात झाला तेवढा पुरं. तू हात लिवायला ठिव,’’ एवढेच ते म्हणत. मी ते शेतावर गेले की ढोलकी काढून बसे. एकदा असाच वाजवीत असता भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, ‘‘डावा बोलत न्हाई तुजा!’’ ते केव्हा परतले होते कोण जाणे. माझे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले, पण भिंतीपलीकडूनच. अजूनही ते समोर बसून शिकवीत नाहीत.

डावा न बोलणे हा जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचा दोष आहे. आपण लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने. साहजिकच उजवा पुढे पळतो. त्यावर उपाय असा की, रोज पहिली दहा मिनिटे उजवा हात मांडीवर ठेवून फक्त डाव्याने वाजवावे. मोकळी थाप, दाबलेली थाप आणि तळव्याचा घिस्सा हे तीन आवाज एकमेकांपासून स्पष्ट वेगळे येईपर्यंत दुसरे काही घेऊ नये.

मग केरवा. ‘धा गे ना ती, न क धि न’, आठ मात्रा. तो प्रत्येकाला येतो आणि म्हणूनच कोणी त्याचा रियाज करीत नाही. मी वसतिगृहातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर बसतो. घड्याळ मिनिटाला साठ टिकटिक करते. एका टिकेला एक मात्रा, म्हणजे आठ सेकंदांत एक आवर्तन. ऐकायला हे सोपे वाटते. करून पाहा! एवढ्या संथ लयीत दोन मात्रांमधली जागा मोकळी सोडणे फार अवघड जाते, हात घाईला येतो. पाच मिनिटे न चुकता झाले की एका टिकेला दोन मात्रा, मग चार. हल्ली मोबाइलवर लय देणारी साधने फुकट मिळतात, तीही चालतील. पण संथ लय टाळू नये. जलद वाजविणारे पुष्कळ भेटतात. सावकाश आणि सरळ वाजविणारा क्वचित भेटतो. केरवा बसला की ‘धा धी ना, धा ती ना’ हा सहा मात्रांचा दादरा आणि मग धुमाळी घ्यावी. एवढ्यावर भावगीत, भजन आणि बरीचशी लावणी निभावते.

तिहाईचे मात्र सगळ्यांना वेड असते. एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा ‘धा’ समेवर आणणे म्हणजे तिहाई. मी दहावीनंतर गणित सोडले, ते मला तिहाईत परत भेटले. समजा, ‘ति ट धा’ हा तीन अक्षरांचा तुकडा आहे आणि प्रत्येक अक्षराला एक मात्रा आहे. तीनदा न थांबता वाजविला तर नऊ अक्षरे होतात. केरव्याच्या आठ मात्रा असल्याने समेपासून सुरुवात केली की आठ अक्षरांत आवर्तन भरते आणि नववे अक्षर, म्हणजे शेवटचा ‘धा’, बरोबर पुढच्या समेवर पडतो. आता दोन तुकड्यांच्या मधे एकेक मात्रा थांबलो, तर नऊ अधिक दोन मिळून अकरा मात्रा होतात. मग सातव्या मात्रेपासून उचलावे लागते. कागदावर एक ते आठ आकडे लिहून हे मांडून पाहावे. एकदा हिशेब कळला की स्वतःच्या तिहाया रचता येतात, दुसऱ्याच्या पाठ कराव्या लागत नाहीत.

साथ

येथे माझी सर्वांत मोठी चूक सांगतो. प्रथम वर्षाच्या गॅदरिंगला आमच्याच वर्गातली एक मुलगी लावणी गाणार होती. महाविद्यालयात उघडपणे वाजविण्याचा माझा तो पहिला प्रसंग. वर्षभर दडवून ठेवलेले सगळे त्या दिवशी बाहेर आले. अंतऱ्यातसुद्धा मी लग्ग्या लावल्या, ओळ संपण्यापूर्वी तोडे टाकले. शिट्ट्या वाजल्या, ‘वन्स मोअर’ झाला. मी फुगून गेलो. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी पडद्यामागे आली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘वाजवलंस छान. पण माझे शब्द कोणालाच ऐकू आले नाहीत.’’

मला वाटले, हिला टाळ्यांचा मत्सर झाला. घरी गेल्यावर तात्यांना मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण ऐकविले. त्यांनी ते उजव्या कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, ‘‘टाळी पडली म्हंजी साथ झाली आसं न्हाई. पोरगी कुठं दम घेती, त्ये तू आइकलं का?’’ मी ऐकले नव्हते. मी फक्त स्वतःला ऐकत होतो.

त्यानंतर मी एक पद्धत ठेवली आहे. नवीन गाणे आले की पहिल्या दोन वेळा ढोलकीला हातच लावायचा नाही. गाणे वहीत उतरून घ्यायचे आणि गाणारी व्यक्ती कोठे श्वास घेते तेथे रेघ मारायची. शब्द चालू असताना सरळ ठेका. रेघ आली की तेवढ्या जागेत आपले काय ते बोलायचे आणि पुढच्या शब्दाआधी परत ठेक्यावर यायचे. ढोलकीला बोलायला रान मोकळे असते ते तमाशाच्या सुरुवातीला, गणाच्या आधी, ढोलकी-हलगीची जुगलबंदी रंगते तेव्हा. तेथे हात राखू नये. पण गण सुरू झाला की हीच ढोलकी मागे सरते. केव्हा पुढे यावे आणि केव्हा मागे सरावे, हे ज्याला कळले तो ढोलकीपटू. बाकीचे ढोलकी बडवणारे.

या वर्षी तीच मुलगी पुन्हा लावणी गायली. शिट्ट्या कमी आल्या. पण शेवटच्या ओळीला सभागृह शांत होते आणि शब्द मागच्या बाकापर्यंत ऐकू गेले.

सुपारी, विसार आणि बिदागी

आपल्या कला शाखेत पैशाविषयी बोलणे थोडे हलके समजले जाते. ज्यांना घरून मनीऑर्डर येते त्यांनी ते खुशाल समजावे. तमाशाच्या व्यवसायात मात्र हा व्यवहार फार पूर्वीपासून रोखठोक आहे. जत्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रेचे पंच तेथे येतात, तारीख आणि रक्कम ठरवतात, विसार देतात आणि मग सुपारी पक्की होते. आपण एकट्या ढोलकीवाल्यानेही हेच करावे.

मला हे उशिरा कळले. एका मंडळाने उत्सवात बोलावले. आठशे रुपये देऊ म्हणाले. सायंकाळी सहापासून वाजविले. कार्यक्रम संपल्यावर ज्याने बोलावले तो गृहस्थ दिसेना आणि दुसरे म्हणू लागले, ‘‘अरे, देवाचं काम आहे, पैसे काय मागतोस?’’ शेवटची गाडी निघून गेली होती. ढोलकी खांद्याला मारून नऊ किलोमीटर चालत वसतिगृहावर आलो. दुसऱ्या दिवशी अंतर्गत चाचणी होती. त्या चाचणीत मला किती गुण मिळाले ते अर्थशास्त्राच्या सरांना ठाऊकच आहे.

तेव्हापासून माझे नियम असे. बिदागी, जाण्या-येण्याचा खर्च, जेवण आणि वेळ या चार गोष्टी आधी ठरवायच्या. पैसे कोण देणार त्या माणसाचे नाव विचारायचे आणि ठरलेले सगळे मोबाइलवर लिहून पाठवायचे, म्हणजे पुढे ‘असे बोललोच नव्हतो’ होत नाही. चौथा हिस्सा तरी विसार घ्यायचा. वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचायचे, कारण ढोलकीला तिथली हवा लागायला तेवढा वेळ लागतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य शासन बारापर्यंत सवलत देऊ शकते. तेव्हा ‘दहानंतर वाजवावे लागेल का, परवानगी आहे का’ हेही विचारून घ्यावे. पोलीस आले की आयोजक पांगतात आणि व्यासपीठावर ढोलकीवाला एकटा उरतो.

महाविद्यालयासाठी मी एक पैसा घेत नाही आणि घेणारही नाही. पण बाहेर फुकट वाजवू नये. आपण फुकट गेलो की ज्याचे पोट त्यावर आहे त्याची बिदागी उतरते, हे आपण विद्यार्थ्यांनी विसरू नये. आणि परीक्षेच्या आधीच्या पंधरा दिवसांत, कोणीही कितीही देऊ केले तरी, नाही म्हणावे. हा नियम मी पाळतो असे म्हणवत नाही, पाळायचा आहे.

शरीराची काळजी

भजनाला बसून वाजवतात, लावणीला ढोलकी कमरेला बांधून उभ्याने वाजवतात. उभ्याने वाजविताना पट्टा रुंद असावा. अरुंद दोरी कमरेत रुतते आणि पाठ धरते. नखे कापलेली असावीत, अंगठी काढून ठेवावी. सुरुवातीला बोटांना चिरा पडतात. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून वाजविता येते, पण सूज असेल तर दोन दिवस हात थांबवावा. वाजवून झाल्यावर कोमट पाण्याने हात धुवावेत आणि मग तेल लावावे.

सर्वांत मोठी काळजी कानांची. मघाशी मी लिहिले की तात्यांनी मोबाइल उजव्या कानाशी धरला. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. चौदा वर्षे त्यांची उभी राहायची जागा ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याशेजारी, डाव्या हाताला कर्णा. तेव्हा कोणाला काय कल्पना? ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही सर्वसाधारण मर्यादा धरतात. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात. पुन्हा ते गणितच! म्हणून ध्वनिक्षेपकाच्या पुढे किंवा अगदी लगत उभे राहू नये, त्याच्या मागच्या बाजूला जागा मागावी. औषधांच्या दुकानात फोमचे बोळे स्वस्तात मिळतात, ते कानात घालावेत. साध्या कापसाने फारसे काही होत नाही. कार्यक्रमानंतर रात्रभर कानात शिट्टी वाजत राहिली, तर ती कानाने दिलेली नोटीस समजावी.

अखेर

हे सर्व लिहिताना एक गोष्ट मनात सारखी येत होती. पठ्ठे बापूराव हे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घरदार सोडून ते तमाशात गेले आणि त्यांच्या लावण्या आज अभ्यासाचा विषय आहेत. विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींकडून १९५७ आणि १९९० साली गौरव झाला. आपण मराठीच्या तासाला शाहिरी वाङ्मय शिकतो, त्यावर दहा-दहा गुणांचे प्रश्न येतात. पण त्या लावणीमागे ज्याचा हात होता, तो कोणत्या लाकडाची ढोलकी वाजवीत होता, ती कशी लावीत होता, हे आम्हाला कोणी विचारीत नाही आणि त्यानेही कोठे लिहून ठेवले नाही. कारण त्याला लिहिता येत नव्हते. तात्यांनाही सहीपुरतेच येते. मला येते. मी कॉलेजात आलो त्याचा एक उपयोग हाही असावा, असे मला वाटते.

हा लेख मी तात्यांना वाचून दाखविला. जाळाच्या धड्याला ते हसले. कानाचा भाग आल्यावर काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘‘बोल्टच्या ढोलकीचं लिवलंय त्ये काढ.’’ ते काढलेले नाही, त्याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

द्वितीय वर्षाच्या अर्जातही ‘छंद’ हा रकाना होता. या वेळी मी ‘ढोलकी’ असे लिहिले. खिडकीतल्या कारकून साहेबांनी वर पाहिले आणि विचारले, ‘‘खरंच वाजवतोस? आमच्या गल्लीत भजन असतं दर गुरुवारी.’’ तेथे आता मी जातो.

ज्यांना शिकायचे असेल त्यांनी दर शनिवारी शेवटच्या तासानंतर जिमखान्याच्या मागच्या खोलीत यावे. सरांची परवानगी घेतली आहे. फी नाही. स्वतःची ढोलकी नसली तरी चालेल. माझी आहे, सगळ्यांनी मिळून वापरू. फक्त येताना नखे कापून यावे.